चर्चिल बांधांवर सायकल नेणार असाल तर आधी वारा बघा

‘रस्ता सपाट आहे, जेमतेम 24 किलोमीटर. सकाळी निघालात तर जेवायला परत.’ चर्चिल बांधांवरच्या रस्त्याबद्दल असं मला सांगणाऱ्याने ऑर्कनी, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेची ही बेटं, बहुतेक गाडीच्या काचेतून पाहिली असावीत. रस्ता फारसा चढाचा नाही, हे खरं. खंबाटकी चढवलेल्या माणसाला इथले चढ लक्षातही राहणार नाहीत. पण वाऱ्याबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता.

ऑक्टोबर मी मुद्दाम निवडला. 13 आणि 14 ऑक्टोबर 1939च्या मधल्या रात्री यू-47 ही जर्मन पाणबुडी ब्रिटिश आरमाराच्या घरात, बेटांनी वेढलेल्या स्कापा फ्लो या बंदरात शिरली आणि नांगरून पडलेली ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका तिने बुडवली. 835 माणसं गेली, त्यात शंभरावर पोरसवदा खलाशी होते. पहिला टॉर्पेडो लागला तेव्हा जहाजावर वाटलं की आतच काहीतरी फुटलंय. बरेचजण पुन्हा झोपायला गेले. काही मिनिटांनी तीन टॉर्पेडो एकदम लागले आणि तेरा मिनिटांत जहाज पाण्याखाली. त्याची घंटा कर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य गावात, सेंट मॅग्नस चर्चमध्ये आहे. शेजारी मृतांच्या नावांची वही काचेत ठेवलीय, दर आठवड्याला तिचं एक पान उलटतात. सायकलवर बसण्याआधी हे बघून घ्या, नाहीतर पुढचा रस्ता नुसता काँक्रीटचा वाटेल.

सेंट मेरीज गावापर्यंत काही अडचण नाही. तिथून समोर दिसते ती कर्क साउंड, यू-47 आली ती खाडी. पहिल्या महायुद्धापासून इथे जुनी जहाजं बुडवून वाट अडवलेली होती, पण मधे फट राहिली होती. भरतीच्या पाण्यावर पाणबुडी चक्क पृष्ठभागावरून आली. एका बुडीत जहाजाच्या साखळदंडाला घासली आणि सुटली. काठावर उभं राहून बघितलं की वाटतं, हे एवढंच अंतर? पलीकडचा माणूस हाक मारली तर वळून बघेल.

चोर येऊन गेल्यावर बांधलेले हे चार चर्चिल बांध. पूर्वेकडच्या वाटा त्यांनी कायमच्या बुजवल्या. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारावर इटालियन कैदी कामाला होते. शत्रूच्या लष्करी कामाला हात लावणार नाही म्हणून त्यांनी संपही केला. मग हा बेटं जोडणारा रस्ता आहे, असं सरकारी उत्तर तयार झालं. रस्ता 1945च्या मे महिन्यात सुरू झाला, तेव्हा युरोपातलं युद्ध संपलेलं होतं.

पहिला बांध ओलांडला की येणाऱ्या लँब होम बेटावरचं, या कैद्यांनी केलेलं इटालियन चॅपल बघाच. दोन पत्र्याच्या निसेन झोपड्या जोडून केलंय. भिंतीवरच्या विटा आणि कोरीवकाम सगळं रंगवलेलं, सपाट. बोट लावून खात्री करायचा मोह मी आवरला. दिवे मांसाच्या रिकाम्या डब्यांचे. पण ऑक्टोबरात ते लवकर बंद होतं, वेळ आधी बघून घ्या.

आता दुसरा बांध. मला सगळं लिहायचंय ते याच्याबद्दल. दोन्ही बाजूंना दहा टनी काँक्रीटचे ठोकळे वेडेवाकडे टाकलेत. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड आठवतात, फक्त हे चौकोनी. डावीकडे उत्तर समुद्र, उजवीकडे स्कापा फ्लो. वारा पूर्वेचा, भरती चढलेली, आणि दक्षिणेकडे जाताना तुमची लेन नेमकी समुद्राच्या बाजूची. ठोकळ्यांवर लाट आपटली की आधी ‘ढप्’ असा आवाज होतो, मग क्षणभर काहीच नाही, मग डोक्यावरून पाणी. तिसऱ्या लाटेला मी उतरलो. सायकल उजवीकडे धरून चालत निघालो, तर वारा तिच्यासकट मला समोरच्या लेनमध्ये ढकलत होता. आपल्या जबाबदारीवर जा, अशी पाटी सुरुवातीलाच आहे. मी तिचा फोटो काढला होता, वाचली नव्हती. हवा फारच बिघडली की बांध बंदच करतात. पाणबुडी अडवायला बांधलेला हा बांध समुद्र आजही अधूनमधून ताब्यात घेतो.

तिसऱ्या बांधापाशी ‘रेजिनाल्ड’ या बुडवलेल्या जहाजाचा गंजका सांगाडा पाण्याबाहेर दिसतो. लोक तिथे थांबून फोटो काढतात. मी थांबलो नाही.

तिसऱ्या बांधापलीकडच्या बरे (Burray) बेटावर पोचलो तेव्हा दात वाजत होते. बस दीड तासाने. एका व्हॅनवाल्याने कर्कवॉलपर्यंत सायकलसकट 70 पौंड मागितले. घासाघीस करायला तोंडच उघडेना. दिले. तुम्ही देऊ नका, कुठेतरी चहा घेऊन बसची वाट बघा.

शहाणपणाचा मार्ग असा: स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या गिल्स बेवरून बोटीने बांधांच्या दक्षिण टोकाकडच्या सेंट मार्गारेट्स होपला उतरा आणि उत्तरेकडे चला. एरवीचा नैर्ऋत्येचा वारा पाठीला मिळतो, आणि तुमची लेन स्कापाच्या बाजूची राहते. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी जाऊ नका. ‘हळूहळू जाऊ’ वगैरे नाही. जाऊच नका.

दुसऱ्या दिवशी हॉय बेटावरचं लायनेसचं आरमारी संग्रहालय पाहिलं, चांगलं आहे. परतीच्या दिवशी स्ट्रॉमनेसच्या रस्त्यावर ब्रिज ऑफ वेथला थांबलो. 16 मार्च 1940ला जर्मन विमानं आरमारावर आली होती, त्यांचे काही बॉम्ब या घरांवर पडले. शेजाऱ्यांच्या मदतीला निघालेला 27 वर्षांचा जेम्स आयस्बिस्टर तिथेच गेला. त्या युद्धात ब्रिटनच्या भूमीवर हवाई हल्ल्यात मेलेला तो पहिला नागरिक. गाड्या न थांबता जातात.

स्कापाच्या किनाऱ्यावरून ‘रॉयल ओक’ची जागा बघायची तर दुर्बीण न्या, नुसत्या डोळ्यांना हिरवी बोया म्हणजे एक ठिपका. तिथे डायव्हिंगला बंदी आहे, विचारूही नका. आणि बुटांचा दुसरा जोड घ्या. माझे तिसऱ्या दिवशीही ओले होते.