कुत्रा ऐकत नाही म्हणे!

"आमचा कुत्रा अजिबात ऐकत नाही हो" ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीये की आता मी आधी कुत्र्याकडे बघतच नाही, माणूस हाक कशी मारतो ते बघते.

चित्र बहुतेक ठरलेलं असतं. कुत्रा लांब कुठेतरी वास घेत उभा, आणि मालक कमरेवर हात, पुढे झुकलेला, नजर रोखलेली, आवाज चढलेला, "ए! इकडे ये! ये म्हणतो ना!" तोंडाने ये म्हणताय पण सगळं अंग सांगतंय की जवळ आलास तर बघ. मग तो मान वळवतो, उगाच जमीन हुंगतो, नाहीतर मोठा वळसा घेत रमतगमत येतो आणि आपण म्हणतो बघा मुद्दाम करतोय. मुद्दाम कसलं, समोरचा तापलाय हे त्याला दिसतंय आणि त्याला भांडण नकोय. झोप आलेली नसताना जांभई देणं, ओठ चाटणं, नजर चुकवणं हे पण बऱ्याचदा त्यातलंच.

त्यापेक्षा जरा तिरकं उभं राहा, दोन पावलं मागे जा, गुडघ्याला त्रास नसेल तर उकिडवे बसा आणि वरच्या पट्टीत तुटक हाक मारा, ये ये ये ये. हे काही माझं डोकं नाही. पॅट्रिशिया मॅककॉनेल म्हणून एक अमेरिकन बाई आहेत, त्यांनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, जनावरं हाताळणाऱ्या लोकांचे आवाज अभ्यासले, तर भाषा कुठलीही असो, जनावराला हलवायचं, पळवायचं असेल तर लोक छोटे छोटे आवाज पटापट काढतात आणि शांत करायचं असेल तर एकच लांब आवाज. आता विचार करा, सुटलेल्या कुत्र्यामागे आपण "थांब थांब थांब थांब" करत धावतो तेव्हा त्याला काय ऐकू जात असेल. त्याला वाटतं मज्जा चाललीये, आपण पण पळूया.

शब्द त्यांना कळत नाहीत असं मात्र अजिबात नाही. 2016 मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांनी (अत्तिला आंदिक्सची टीम) 13 कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये हलू न देता पडून राहायला शिकवलं, हेच मला मोठं आश्चर्य वाटतं, आमची राणी नखं कापताना दोन सेकंद थांबत नाही. तर त्यांना कौतुकाचे शब्द आणि साधे शब्द, दोन्ही कौतुकाच्या आणि सपाट आवाजात ऐकवले. मेंदूतला आनंदाचा भाग कधी जागा झाला, तर शब्दही कौतुकाचा आणि आवाजही कौतुकाचा असेल तेव्हाच. म्हणजे फोनमध्ये बघत बघत "हं, गुड बॉय" म्हटलेलं पोचत नाही.

आणि शब्द आणि हात यांची फारकत झाली तर? इटलीत त्याच वर्षी पाण्यातून माणसं वाचवायचं ट्रेनिंग घेतलेल्या कुत्र्यांना तोंडाने एक आणि हाताने दुसरंच सांगून बघितलं, ते जास्त करून हाताच्या बाजूने गेले.

सगळ्यात राग मला येतो तो "बघा बघा, कशी चूक कळलीये त्याला" ह्याचा. कान पाडलेले, शेपूट पायात, डोळे खाली. कुत्र्यांवर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झने 2009 मध्ये हेच तपासलं. खाऊ खायचा नाही असं बजावून मालक खोलीबाहेर, मग कुत्र्याने खाल्लं की नाही ह्याबद्दल मालकाला कधी खरं तर कधी खोटं सांगायचं. तो अपराधी चेहरा मालक रागावला की दिसायचा, खाल्लेलं असो वा नसो! उलट काही न करता ओरडा खाल्लेल्यांचा चेहरा जास्तच पडलेला. संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या फाटलेल्या उशीबद्दल ओरडणाऱ्यांनी हे वाचाच.

घरी एक गंमत करून बघा. हात मागे बांधा, मान सरळ, चेहरा कोरा, आणि नेहमीच्याच शांत आवाजात फक्त "बस" म्हणा. भरपूर कुत्रे नुसते बघत राहतात. मग घरातल्या कुणालातरी तुमचा नेहमीचा "बस" मोबाईलवर शूट करायला सांगा, तुमचा हात नाहीतर हनुवटी शब्दाच्या आधीच हललेली दिसेल.