आठ पाती

काल अख्खी सकाळ एका विमानाच्या पंख्यांची (प्रोपेलरची) आठ पाती पुसण्यात गेली. इंग्लंडमधल्या येओव्हिल्टनच्या नेव्हल म्युझियममध्ये मी व्हॉलंटियर आहे. मऊ कोरडं फडकं, ब्रश, आणि पंखा हाताने अजिबात फिरवायचा नाही, एवढाच नियम. विमान वेस्टलँड वायव्हर्न, जहाजावरून उडणारं ब्रिटिश नेव्हीचं लढाऊ विमान, नंबर व्हीआर १३७.

भारतीय नेव्हीत मी गोव्याला दाबोळीला अलिझे या पंख्याच्या विमानावर होतो, त्यामुळे पंखा दिसला की बोट आपोआप पात्याच्या पुढच्या कडेवर जातं. रनवेवरचे खडे लागून तिथे खाचा पडतात, त्या वेळच्या वेळी बारीक फाईल मारून, वरून पॉलिशपेपर फिरवून गुळगुळीत केल्या नाहीत तर तिथूनच क्रॅक धरतो. डोळे मिटूनसुद्धा मला खाच सापडते. काल एक पण सापडली नाही. हे विमान कधी उडलंच नाही.

मागेपुढे दोन पंखे, चार-चार पाती, एकमेकांच्या उलट फिरणारी. रोल्स-रॉईस ईगल इंजिन, २४ सिलिंडर, साधारण ३५०० हॉर्सपॉवर, एवढी ताकद एकाच पंख्याला दिली तर विमान टेकऑफला एका बाजूला ओढतं आणि जहाजाच्या डेकवर ते सावरायला जागा कुठे असते! पण मग पुढच्या पात्यांचा कोन बदलायचा तर ती हालचाल उलट फिरणाऱ्या मागच्या पंख्यातून पुढे न्यायची, आणि ते काम करतं मधलं एक बेअरिंग. १५ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या प्रोटोटाइपचं तेच बेअरिंग गेलं आणि टेस्ट पायलट पीटर गार्नर मारले गेले. त्या फटीत ब्रश घालताना माझा हात थांबला होता, खरंच.

पुढे ईगल इंजिन सोडून दिलं, टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारं जेटसारखं टर्बाइन इंजिन) बसवला, १९५६ ला सुएझच्या लढाईत वायव्हर्न लढलीसुद्धा. एकूण १२७ बनली. त्यातली लढलेली, डेकवर उतरलेली सगळी गेली, आणि उरलं ते हे, न उडलेलं. लढलेल्यांपैकी एक तरी ठेवायला पाहिजे होतं, याचा मला मनापासून राग येतो.

दुपारी शाळेची ट्रिप होती. मुलं सगळी तिथल्या कॉन्कॉर्डकडे, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानाकडे, त्यांना तेच दाखवायचं असतं म्हणा. एक मुलगी मात्र थांबली. "हे कुठल्या लढाईत होतं?" "कुठल्याच नाही बाळा," म्हटलं, तर ती गेली पण.

रात्रभर तेच डोक्यात. तिला थांबवून टॉर्च मारून ती दोन पंख्यांमधली फट दाखवायला हवी होती.