अलेक्सेयेव आणि मॉस्कोचे १८० किलो
सुट्टीची दुपार वासिली अलेक्सेयेवचे जुने व्हिडिओ बघण्यात गेली. सोव्हिएत वेटलिफ्टर, सुपर हेवीवेट म्हणजे सर्वात वजनदार गटातला. सुटलेलं पोट, भरघोस कल्ले, आणि १९७० मध्ये तीन प्रकार मिळून ६०० किलो उचलणारा जगातला पहिला माणूस! विश्वविक्रम तब्बल ८०. गडी विक्रम मोडायचा तोही अर्ध्या-अर्ध्या किलोनं. (प्रत्येक विक्रमामागे बक्षीस मिळायचं म्हणतात. मग घाई कशाला?) म्युनिक, माँट्रियल, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण.

आणि मग १९८०. मॉस्को, घरचं मैदान, वय ३८. स्नॅचला (वजन जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर न्यायचा प्रकार) थेट १८० किलोंनी सुरुवात. तिन्ही प्रयत्न फुकट, स्पर्धेतूनच बाद! अरे बाबा, दहा किलो कमी लावले असते तर काय बिघडलं असतं? खरं सांगतो, बघताना रागच आला त्याचा.