दिवाळीच्या तोंडावर खून आणि भुतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे दर वर्षी बदलतात, प्रश्न तोच राहतो: "अहो, सणासुदीला हे असलं अभद्र काय वाचत बसता?" गेल्या वर्षी हा मान आमच्या सोसायटीतल्या नव्या शेजारणीला मिळाला. ती चकलीचा सोऱ्या मागायला आली होती. डायनिंग टेबलावर भाजणीच्या डब्याला टेकून पालथं पडलेलं पुस्तक तिनं सहज उचललं. मुखपृष्ठावर कवटी. तिनं ते ज्या बेतानं, दोन बोटांत धरून खाली ठेवलं, त्यावरून सोऱ्या आता दोनदा धुतला जाणार हे मी ओळखलं.

साधं उत्तर म्हणजे दिवाळी अंक. 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये पहिला काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लागली. आमच्याकडे लायब्ररीची दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असे. बाबा जाडजूड वैचारिक अंक घ्यायचे आणि ते छातीवर ठेवून झोपायचे. माझ्या वाट्याला 'नवल' आणि 'धनंजय'. गूढकथा, रहस्यकथा, शेवटच्या ओळीत उलगडणारा खून. त्यात दिवाळीची साफसफाई म्हणजे माळा उपसणं आलंच, आणि माळ्यावर आजोबांचे बाबुराव अर्नाळकर. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. आमच्या माळ्यावर चाळीसेक तरी असतील, बहुतेकांना कव्हर नाही. त्यांच्या झुंजार या नायकाची एक गोष्ट मी पितळी डब्यांच्या ढिगात बसून वाचली होती. शेवटची आठ पानं गळालेली. खुनी कोण, ते मला आजतागायत माहीत नाही.

आणि अभद्र म्हणाल तर हा ऋतू तरी कुठे सोवळा आहे? ऑक्टोबरच्या उन्हानं अंगाची काहिली होत असते आणि आपण नुकतेच पितृपक्षातून बाहेर पडलेलो असतो. कावळ्यानं घास घेतला की नाही यावर घरात कुजबुज झालेली असते. धनत्रयोदशीला आपण कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो, का, तर घरात कुणाला अपमृत्यू येऊ नये. पुढे नरकचतुर्दशी. माझ्या आजोळी, सावंतवाडीकडे, पहाटे अंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, "गोविंदा" ओरडायचं आणि तो कडूजहर रस जिभेला लावायचा. असुराला मारून त्याची चव घेतल्यावरच पोहे मिळत. सणानंच मृत्यूला एवढं दाराशी बोलावलंय, तिथे माझ्या पुस्तकाचं काय घेऊन बसलात!

भयकथांत मी आधी नारायण धारपांची आणि मग रत्नाकर मतकरींची. धारपांनी स्टीफन किंगकडून बरंच उचललं, हे खरं, पण उचललेलं भूत त्यांनी मराठी घरात असं काही वसवलं की ते इथलंच वाटावं. तिन्हीसांजेची वेळ, बंद पडलेली एक खोली, तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. फक्त त्यांचे 'समर्थ' आले की माझी भीती ओसरते. आता कुणीतरी मोठं माणूस आलंय, बघून घेईल. मतकरींच्या कथेत असं कुणी येत नाही. तिथे भूत बहुधा घरातल्याच कुणाच्या तरी मनात बसलेलं असतं. म्हणून रात्री एकटी असेन तर मी धारप घेते. मतकरी दिवसा, आणि तेही घरात कुणी असताना.

आता खऱ्या खुनांबद्दल. मला उत्तर द्यायला जड जातं ते इथे.

१९७६ साली मी सात वर्षांची होते, सदाशिव पेठेतल्या वाड्यात. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. ३१ ऑक्टोबरला पुण्यात जोशी कुटुंबातल्या तिघांचे खून झाले आणि १ डिसेंबरला अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जणांचे. मारेकरी म्हणजे कॉलेजातली मुलं, हे कळायला १९७७ उजाडलं. तोवर जानेवारी ७६ पासून दहा जीव गेले होते. आम्हा पोरांना एवढंच कळत होतं की दिवेलागणीला वाड्याचा दिंडी दरवाजा बंद होतो आणि रात्री कडी वाजली की बाबा आतूनच नाव विचारतात, आवाज ओळखीचा असला तरी. आई पोळ्या लाटताना थांबून ऐकायची. लाटणं हातात तसंच.

चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. त्यातल्या मुनव्वर शाहनं तुरुंगात कबुलीजबाब लिहिला होता, 'येस, आय ॲम गिल्टी'. तो मी कॉलेजात असताना पांघरुणात बॅटरी लावून एका रात्रीत संपवला. धारप वाचावा तसा. अंगावर काटा येत होता आणि, आता कबूल करते, मजाही येत होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका ग्रंथालयात दुसरंच काही शोधताना संस्कृत व्याकरणाचा एक इंग्रजी कोश हाती आला. बडोद्याचा, १९६१ चा. कोशकार काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. हे तेच अभ्यंकर, हे लक्षात यायला मला क्षणभर लागला. खून झाला तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते, एवढं मला पाठ होतं. दोरी नायलॉनची होती, कुत्र्यांना माग लागू नये म्हणून अत्तर शिंपडलं होतं, हेही पाठ. त्या माणसानं आयुष्यभर काय केलं, ते मात्र तेव्हा पहिल्यांदा हातात धरलं. शाळेतलं आठवणारं एकच सूत्र होतं, 'अदर्शनं लोपः'. 'लोप' शब्द काढून उभ्या उभ्या वाचला. अर्धा कळला. खुर्ची ओढून मग तासभर तिथेच बसले.

तेव्हापासून खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं मी वाचते, पण पांघरुणात नाही. टेबलाशी बसून, पेन्सिल घेऊन. मारेकऱ्याच्या बालपणावर चाळीस पानं असली की मी चाळते. त्याला पुरेसे वाचक आहेत. मी बघते ते मेलेल्या माणसांना किती ओळी मिळाल्यात. अभ्यंकरांच्या बंगल्यात घरकाम करणाऱ्या बाईही मारल्या गेल्या. कितीतरी ठिकाणी त्या वाक्याच्या शेपटाला येतात, "आणि मोलकरीण". असं वाक्य आलं की मी समासात एक रेघ मारते. लायब्ररीच्या पुस्तकावर मारू नये, मला माहीत आहे.

शेजारीण पाडव्याला सोऱ्या परत करायला आली. चकचकीत घासलेला, सोबत वाटीभर चिवडा. जाता जाता दारात घुटमळली.

"ते कवटीचं वाचून झालं का हो? ह्यांना हवंय."

आणून दिलं. तिनं या वेळी अख्ख्या हातानं धरलं आणि विचारलं, "यात खरं काही नाही ना?"

"छे," म्हटलं, "यात नुसती भुतं आहेत."