आमची वाटचाल : थाप खरीच हवी

कोल्हापुरात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ उघडला तेव्हा आठ ट्रॅकची एक एडॅट (टेपवर रेकॉर्डिंग करायचं मशीन), दोन एसएम ५७ माइक आणि सौ.च्या पाटल्या मोडून घेतलेला खर्जाच्या वाद्यांचा एक डी ११२ माइक, एवढाच संसार होता. भागीदार होते ढोलकीवाले मामा. पैसा त्यांच्याकडे नव्हता, कान होता. धुमाकडचा, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा माइक मी पानाच्या कातड्याला भिडवला की ते न बोलता वीतभर मागं सरकवायचे. "आधी कड्या ओढ, मग तुझी बटणं फिरव," म्हणायचे. आजही आमच्याकडं ढोलकी सुरात लागल्याशिवाय ईक्यूला, म्हणजे आवाजाचा पोत बदलायच्या बटणांना, कोणी हात लावत नाही.

मग आमच्याकडंच केबल गुंडाळायला शिकलेल्या पोरानं त्याच गल्लीत दुकान थाटलं. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचे रेकॉर्ड केलेले तुकडे, आणि निम्मा दर. मंडळं, शाहीर, सगळे तिकडं वळले. मला राग दराचा नव्हता. लूपमधली थाप शंभरदा वाजली तरी तीच. मामांच्या हाताखाली प्रत्येक धुमाचा घुमारा वेगळा, आणि तो फरक लोकांना ऐकूच येत नाही, असं हा पोरगा सांगत फिरायचा. त्यातच एका कॅसेट कंपनीनं अकरा गाण्यांचे पैसे बुडवले. ते आजतागायत आलेले नाहीत. एडॅट विकायला काढली, गिऱ्हाईक बघूनही गेलं.

त्याच आठवड्यात आमचे जुने गोंधळी काका संबळ घेऊन दारात उभे. तिकडं लूप ऐकून आले होते. "देवीपुढं हे कसं लावू?" एवढंच बोलले आणि अख्ख्या गोंधळाचे पैसे आगाऊ ठेवले. सोबत हलगी होती. पावसाची झड, कातडं पार उतरलेलं. परसात कागद पेटवून हलगी शेकायची, पळत आत यायचं, ताण आहे तोवर दोन टेक घ्यायचे, पुन्हा परसात. पहाटेपर्यंत तेच चाललं होतं. एडॅट विकली नाही.

पुढची वर्षं कामात गेली.

नवीन पोरांना सांगतो, हलगीला पुढून-मागून माइक लावलात तर एकाची पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करा, नाहीतर दणका आपसांतच कापला जातो. पखवाजाला कणीक ताजी लावून घ्या, सकाळची वाळलेली चालवू नका. आणि वादकाला चहा टेकच्या आधी द्या.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या त्या स्टुडिओतून फोन आला, खऱ्या हलगीचा ट्रॅक पाहिजे म्हणून. पूर्ण दर सांगितला, पैसे आधी घेतले आणि हलगी शेकायला परसात गेलो.