शून्य-शून्यवाल्यांचा क्लब

परवा दुपारी जेवण झाल्यावर आडवी पडून मोबाईल चाळत होते, तर एकदम जुन्या मॅचची क्लिप समोर आली. मँचेस्टर युनायटेड 6, आर्सेनल 1, फेब्रुवारी 2001. ही मॅच आमच्या घरात लाइव्ह बघितली गेलीये. रविवारची रात्र, खिचडी-पापड, आणि दादा कट्टर आर्सेनलवाला. ड्वाइट यॉर्कने बघता बघता हॅटट्रिक ठोकली, हाफटाइमलाच 5-1, दादाचा पापड ताटात मऊ पडला आणि सगळा राग निघाला आर्सेनलच्या एकट्या बचावपटूवर, इगोर्स स्टेपानोव्हसवर. "कुठून उचलून आणलाय रे हा?" आई आतून ओरडली, हळू बोल, बाबा झोपलेत.

कुठून, ते मी नंतर शोधलं. लाटव्हिया, रीगा शहर, स्कोंतो नावाचा क्लब. आणि मग मला नादच लागला.

म्हणजे बघा, सोव्हिएत युनियन मोडतंय, लाटव्हिया नुकताच स्वतंत्र होतोय, आणि 1991 मध्ये जन्मलेला हा क्लब त्याच वर्षी चॅम्पियन. मग 92, 93, 94, असं करत थेट 2004 पर्यंत. ओळीने 14 वेळा! युरोपात एवढं कोणीच केलं नव्हतं, पुढे जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्सने बरोबरी केली. गुंतिस इंडरिक्सन्स क्लबचा कर्ताधर्ता, आणि 1996 पासून 2018 पर्यंत देशाच्या फुटबॉल फेडरेशनचा अध्यक्षही तोच. कोच अलेक्झांडर्स स्टारकोव्हस, क्लबचाही आणि नॅशनल टीमचाही. सगळं घरातल्या घरात. आता हे चांगलं की वाईट यावर मी तासभर वाद घालू शकते, पण खरं सांगू, दर वर्षी तोच जिंकणार असेल तर तिकीट काढून बघायला जायचं कोणी आणि कशाला?

तर माझा एक विक्षिप्तपणा आहे, मला 0-0 मॅचेस आवडतात. लोक म्हणतात वेळ वाया गेला, मला वाटतं नव्वद मिनिटं कोणीतरी दार अडवून उभं राहिलंय, ते कोणाला दिसतच नाही. आणि स्कोंतोच्या इतिहासात तर ही शून्यं ठासून भरलीयेत. 1994 ला ॲबर्डीनशी रीगात 0-0, मग स्कॉटलंडमध्ये जाऊन 1-1, आणि अवे गोलवर, म्हणजे बरोबरी झाली की परक्या मैदानावरचे गोल भारी धरायचे या नियमाने, ॲबर्डीन बाहेर. 1999 ला चेल्सी आली, लंडनमध्ये 3-0 मार खाल्ला होता पण रीगात 0-0. त्या आधी 97 ला बार्सिलोनाला त्यांच्या मैदानावर 3-2 पर्यंत आणलं, हरले, पण हरणं कसलं ते.

सगळ्यात लाडकं शून्य मात्र क्लबचं नाहीये, देशाचं आहे. युरो 2004, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जर्मनी-लाटव्हिया 0-0. ही टीम तिथे पोचलीच कशी, तर प्ले-ऑफमध्ये, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या दोन मॅचेसमध्ये, तुर्कीला, म्हणजे आदल्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्यांना, रीगात स्कोंतोच्याच स्टेडियमवर 1-0 आणि मग इस्तंबूलला 0-2 वरून 2-2. गोल मारणारा वेर्पाकोव्हस्किस स्कोंतोचा, मधे अस्ताफयेव्हस, जो देशासाठी 167 मॅचेस खेळला, तोही स्कोंतोत घडलेला. आणि पहार्स! मारियान्स पहार्स 1999 मध्ये आठ लाख पौंडात साउथहॅम्प्टनला गेला आणि सीझनच्या शेवटच्या दिवशी एव्हर्टनला दोन गोल मारून साउथहॅम्प्टनला रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून, वाचवलं.

पण हेच तर दुखणं होतं ना. चांगला पोरगा तयार झाला की विकायचा, त्या पैशात पुढचं वर्ष काढायचं. आणि युरोपात चॅम्पियन्स लीगच्या मेन राउंडला काही पोचता येईना, म्हणजे खरा पैसा तिथेच राहिला. 2005 ला लिएपायस मेटालुर्ग्सने साखळी तोडली, मग तीन वर्षं वेंट्सपिल्स. 2010 ला स्कोंतो एकदाच परत जिंकला, दिवा विझताना मोठा होतो म्हणतात तसं. शेवटी शेवटी स्पॉन्सर नाही म्हणून खेळाडू अंगावर जर्सी रंगवून मैदानात उतरले, फोटो जगभर गेला, लोक हसले. 2015 ला दुसरे आले तरी पैशाच्या लफड्यामुळे खालच्या लीगमध्ये ढकलले गेले आणि डिसेंबर 2016 मध्ये दिवाळं.

बरं ज्यांनी त्यांना हरवलं तेही टिकले नाहीत. मेटालुर्ग्सचा पोलाद कारखाना बुडाला, त्याबरोबर टीम गेली. वेंट्सपिल्सवर मॅच फिक्सिंगवरून यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, 2021 मध्ये सात वर्षांची बंदी घातली, खेळ खलास. आता स्कोंतो स्टेडियमवर रीगा एफसी खेळते. ट्रॉफ्या वाटायला नवीन लोक आलेत, लीग काही थांबत नाही.

मला मात्र पहार्सपेक्षा त्या 2016 वाल्या टीमची जास्त काळजी वाटते, आता एवढ्या वर्षांनी वाटून काय उपयोग म्हणा. पहार्स, स्टेपानोव्हस यांना इंग्लंड मिळालं. या पोरांना खालची लीग मिळाली, ते पूर्ण सीझन खेळले, आणि वर्षाअखेरीला क्लबच नाही. त्यातला एकही माणूस मला नावाने माहीत नाही.