बार्सिलोनात फाब्रेगास यांच्या वाटेने: १९३६-३७ची पायी फेरी

जुआन पाउ फाब्रेगास हे अर्थतज्ज्ञ. सीएनटी या अराजकतावादी कामगार संघटनेतर्फे ते स्पेनमधल्या कातालोनिया प्रदेशाच्या सरकारात, म्हणजे जनरलिटाटमध्ये, अर्थमंत्री झाले. २६ सप्टेंबर १९३६ ते डिसेंबरचा मध्य, जेमतेम तीन महिने. एवढ्या वेळात त्यांनी शहरातल्या कारखान्यांची मालकीच बदलणारा वटहुकूम आणला.

२४ ऑक्टोबर १९३६चा हा सामूहिकीकरणाचा वटहुकूम फेरीला बाहेर पडण्याआधी वाचाच, नाहीतर पुढच्या इमारती नुसत्या दगडी दर्शनी भिंती वाटतील. ३० जून १९३६ रोजी शंभराहून अधिक कामगार असलेला कारखाना सक्तीने सामूहिक, म्हणजे कामगारांनी मिळून चालवायचा. मालक लष्करी बंडाच्या बाजूचा ठरला किंवा पळून गेला असेल, तर लहान कारखानाही. पन्नास ते शंभर कामगार असतील तर तीन-चतुर्थांश कामगारांची संमती हवी. त्याहून लहान ठिकाणी मालकाचीही. कारभार ५ ते १५ जणांच्या मंडळाकडे, शिवाय सामूहिक कारखान्यात जनरलिटाटचा एक निरीक्षक. कारखाना कामगारांचा की सरकारचा, हा पुढचा सगळा तंटा या निरीक्षकाच्या खुर्चीभोवती आहे.

सुरुवात सान जाउमे चौकातल्या जनरलिटाटच्या राजवाड्यापासून करा. आत ठरावीक शनिवार-रविवारीच सोडतात, तेही आधी नोंदणी असेल तरच. तिथून पाच मिनिटांवर व्हिया लायेताना. ३२ क्रमांकाची इमारत मालकांच्या संघटनेची. स्पेनच्या यादवी युद्धात ती सीएनटीने ताब्यात घेतली होती आणि रस्त्यालाही अराजकतावादी नेता दुरुतीचं नाव दिलं होतं. आज तिथे पुन्हा मालकांचीच संघटना आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहायची. समोरच्या फुटपाथवरून दर्शनी भाग नीट दिसतो.

मग पोर्ताल दे लांजेल या पादचारी रस्त्याने कातालुन्या चौकात या. कोपऱ्यावर टेलिफोन एक्स्चेंजची इमारत आहे. सीएनटी आणि यूजीटी या समाजवादी कामगार संघटनेची समिती ती चालवत होती. ३ मे १९३७ रोजी सरकारी पोलीस ताबा घ्यायला आत शिरले आणि शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई पेटली. फाब्रेगास तोवर मंत्रिपदावर नव्हते, पण त्यांच्या वटहुकुमाने मोकळा सोडलेला प्रश्न इथे बंदुकांवर आला. या कोपऱ्यावर घाई करू नका.

उरलेली दोन ठिकाणं एका दिवसात बसत नाहीत. पोब्ले सेक भागातला बॉम्बहल्ल्यांपासूनचा निवारा क्रमांक ३०७ (मेट्रो पाराल-लेल) मार्गदर्शकाबरोबरच आणि मुख्यतः रविवारी पाहता येतो. नोंदणीशिवाय गेलात तर दारातून परत फिराल. बोगदे जवळपास ४०० मीटर लांब आणि अरुंद आहेत. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी टाळावं. कागदपत्रांसाठी मुंदेत मेट्रोजवळचं 'पाव्हेल्यो दे ला रेपुब्लिका' ग्रंथालय गाठा. यादवी युद्धावरचा उत्तम संग्रह तिथे आहे, पण त्यासाठी कामाचा दिवस हवा. सूचीत शोधताना जुआन (Joan) आणि हुआन (Juan), नावाची कातालान आणि स्पॅनिश अशी दोन्ही रूपं टाकून पाहा.